गरमी उपसायचा धंदा

"गॅस भरून द्या."

गिऱ्हाईक माझ्या दुकानाची पायरी चढायच्या आधीच हे बोलतं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. जसा काही मी पेट्रोलपंप उघडून बसलोय. माझंही उत्तर ठरलेलं आहे. "गॅस संपत नसतो हो, गळतो. आधी भोक शोधू, मग भरू." एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, आता हा लांबण लावणार. लावतोच मी. मला लांबण लावायची सवय आहे आणि घरच्यांना आता ऐकायचा कंटाळा आलाय, म्हणून तर या दिवाळी अंकात लिहायला बसलो.

मी रेवदंड्याचा. गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. केस पिकले, गुडघे बोलायला लागले, पण दुकान अजून उघडतो. खाडीच्या तोंडावरचं गाव, हवेत मीठ. त्या मिठानं गाडीच्या पुढची जाळी खाल्ली जाते, नळ्यांना भोकं पडतात आणि लोक माझ्याकडे येतात. समुद्राचं मीठ सगळेच खातात, मी जरा जास्त खातो इतकंच.

हा धंदा मी गाड्यांवर शिकलो नाही. शिकलो बर्फाच्या कारखान्यात. मासेमारीच्या होड्यांना बर्फ लागतो, तो बनवायचा कारखाना होता, तिथे मी पोरसवदा वयात लागलो. तिथले मिस्त्री पांडूमामा. नाकात तपकीर, कानावर विडी आणि बोलणं फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "जगू, इथं आपण काय करतो?"

मी म्हटलं, "थंडी बनवतो."

"गाढवा, थंडी म्हणून काय वस्तूच न्हाय. देवानं फक्त गरमी केली. ती काढून टाकली की मागं जे उरतं तिला लोक थंडी म्हणतात. होडीत पाणी शिरलं की काय करतोस?"

"डबड्यानं उपसतो."

"मग झालं तर. पाणी म्हणजे गरमी. डबडं म्हणजे गॅस. आत बुडवायचं, भरायचं, बाहेर ओतायचं. डबडं झिजत न्हाय, संपत न्हाय. हरवलं तर होडी बुडते, एवढंच."

पुढे मी कितीतरी यंत्रं उघडली, पण याहून जास्त काही शिकलो असं वाटत नाही. गाडीच्या एसीतही तेच चालतं. डॅशबोर्डच्या आत एक गार जाळी असते, तिथे गॅस आतली गरमी उचलतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढे ढकलतो. मग गाडीच्या पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या पुढ्यात दुसरी जाळी असते, तिथे तो ती गरमी वाऱ्यावर ओततो आणि रिकामा होऊन परत आत जातो. दिवसभर ये-जा. गरमी उपसायचा धंदा आहे आमचा. थंडीशी आमचा काही संबंध नाही.

गिऱ्हाईकं म्हणाल तर देवानं मला एकेक नमुना दिलाय. आमच्या बंदरावर सुकी मासळी विकणारी हौसाबाय एकदा मुलाच्या गाडीतून आली. मुलानं जुनी गाडी नवीन घेतली होती.

"जगू, एशीतून वास येतंय."

"कसला?"

"सुकटीचा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "हौसाबाय, तुला सुकटीचा वास येतो? तुला?"

"मला कशाला येल? सुनेला येतंय. ती अलिबागची हाय."

उघडून बघितलं तर आतली गार जाळी जवळ्यानं भरलेली. मुलगा पिशव्या पुढे पायाशी ठेवायचा आणि पंखा तिथूनच हवा ओढायचा. ओल्या जाळीवर जवळा जाऊन बसला होता, चांगला फुगलेला. एका माणसाची चटणी सहज झाली असती. मी तसं बोललो तर हौसाबायनं खरंच पदर पुढे केला. "टाकतोस कशाला? मांजराला होईल." सून गाडीत मागे बसली होती, तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. पण हसत होती, मला आरशात दिसलं.

दुसरं एक गिऱ्हाईक मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पर्यटकांना फिरवणारा एक ड्रायव्हर, एसी गार मारत नाही म्हणून आला. नळीचं टोपण जरा सैल केलं आणि मला वास आला. एसीच्या गॅसला वास नसतो. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया हुंगून हुंगून माझं नाक तयार झालेलं, मी तिथेच थांबलो. स्वयंपाकाचा गॅस. कुठेतरी कोणीतरी स्वस्तात घरचा सिलेंडर लावून भरून दिला होता. कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन हा माणूस फिरत होता आणि तोंडात सिगरेट. मी त्याची सिगरेट हिसकावली, चारही दारं उघडली, चौघांनी ढकलत गाडी मोकळ्या मैदानात नेली. तो सारखा म्हणत होता, "काका, गॅस तो गॅस ना?" मी त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पण चूक त्या शब्दाचीही आहे. चुलीतला गॅस, पोटातला गॅस, एसीतलाही गॅस. एकाच नावाची तीन पोरं एका वर्गात असली की मार भलत्यालाच बसतो.

आता ज्या गाडीसाठी हे सगळं सांगतोय तिच्याकडे येतो.

मुरुडच्या अलीकडे एका गावात आमचे हमीदचाचा राहतात. उभी जवानी बोटींवर काढलेला माणूस. कप्तान वगैरे नाही, इंजिनरूममध्ये तेल घालायचं काम. खाली भट्टीसारखी गरमी आणि कानठळ्या बसवणारा आवाज. सुट्टीवर आले की दंडावर भाजल्याचे नवे डाग असायचे. पण माणूस खुशालचेंडू. बर्फाच्या कारखान्यात यायचे, लादीवर पाठ टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पांडू, मला इथंच दफन करा रे."

या चाचांनी एकदा परदेशातून गाडी आणली. बदामी रंगाची, लांबलचक, गावच्या गल्लीत वळताना दोनदा मागेपुढे करावं लागेल अशी. ती त्यांनी घेतली ती फक्त एसीसाठी. "दुकानदारानं दार उघडलं," ते सांगायचे, "आणि गार हवा माझ्या पायावर आली. मी किंमत पण नंतर विचारली." पण काही वर्षांत एसी बंद पडला. कोणीतरी सांगितलं, ह्याचा गॅस बंद झालाय. चाचांना वाटलं आपल्या गाडीचा बंद झाला. तो सगळ्या जगाचाच बंद झाला होता.

मागे एका हिवाळ्यात चाचा ती गाडी घेऊन दुकानात आले. चारही काचा खाली.

"काय रे जगू, बर्फ बनवतोस का अजून?"

"आता गाड्या गार करतो, चाचा."

"मग ही कर. माझी सना मे महिन्यात हिच्यात बसून सासरी जाणार हाय. दिघीला. काचा बंद करून."

सना त्यांचं शेंडेफळ. थोरली मुलं आपापल्या संसाराला लागल्यावर झालेली, बापाच्या गळ्यातला ताईत. शिकली, औषधांच्या दुकानात बसते, गावातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या हिला पाठ. स्थळ खाडीपलीकडचं, जेट्टीवरून गाड्यांसकट फेरीबोटीनं जायचं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि मुलाचा मामा म्हणजे मामू, नवी मोठी गाडी बाळगणारा. त्या मामूनं निरोप धाडला होता की दुल्हा-दुल्हन आमच्या गाडीतून येतील, तुमच्या जुन्या गाडीत पोरांना गरमी होईल.

"मी बोललो, पोरगी बापाच्या गाडीतून जाईल," चाचा म्हणाले. "मामू बोलला, जाऊ द्या की, पण गाडी गार असली तर. नसली तर जेट्टीवर पोरांना माझ्या गाडीत बसवणार. कबूल?" चाचांनी स्टुलावरून माझ्याकडे बघितलं. "मी कबूल बोललो, जगू. सगळ्यांसमोर."

मला वाटलं होतं, हौसेपोटी आलेत. पण त्यांचा चेहरा हौसेचा नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोटींत घाम गाळलेल्या माणसाला लेकीला एकदा, एकाच प्रवासापुरतं, आपल्या कमाईच्या गारव्यात बसवून पाठवायचं होतं. ते बोलले नाहीत तसं. मला कळलं.

"मग भर नवा गॅस," ते म्हणाले.

"नवा जुन्यात तसा जात नाही, चाचा."

"का? त्याची जात वेगळी?"

"जात नाही, तेल वेगळं."

मग मी लांबण लावली. जुना गॅस स्वभावानं गरीब होता, पण वर आभाळात उन्हाला गाळून घेणारी जी चादर आहे तिला तो विरवत होता, म्हणून जगानं तो बंद केला. त्याच्या जागी आला त्याला आम्ही सवयीनं नवा म्हणतो. खरं तर आता त्याच्याही पुढचा आलाय, हल्लीच्या काही गाड्यांत तो असतो, कारण म्हणे आमचा नवा पृथ्वी तापवतो. माझ्या हयातीत डबडी बदलत चाललीत, पाणी तेच आहे. वाईट एवढंच वाटतं की एकेकाचा स्वभाव नीट कळेपर्यंत त्याला निवृत्त करतात.

तर नवा गॅस जुन्या गाडीत घालायचा म्हणजे नुसतं भरणं नाही. गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं, त्यानं कॉम्प्रेसर जिवंत राहतो. जुन्या तेलाचं नव्या गॅसशी पटत नाही. ते वाटेत कुठेतरी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून अडकतो. म्हणून जुनं तेल काढायचं, नळ्या धुवायच्या, नव्याला चालेल असं तेल घालायचं. सांध्यांतल्या रबराच्या कड्या बदलायच्या. ओल शोषून घेणारी एक बाटली असते, ती नवी बसवायची. गॅस भरायच्या तोंडांवर वेगळ्या मापाची तोंडं चढवायची, म्हणजे पुढे कोणी चुकून जुना भरायला गेला तर नळी बसणारच नाही. आतली हवा आणि ओल पंपानं खेचून घ्यायची, आणि ती घाईनं खेचायची नाही. मग गॅस भरायचा, तोही जुन्या मापापेक्षा थोडा कमी. शेवटी बॉनेटच्या आत चिठ्ठी डकवायची, की बाबांनो, आत आता हा गॅस आहे.

"आणि एक," मी म्हटलं. "नवा तापट आहे. उन्हात त्याचा दाब जुन्यापेक्षा जास्त चढतो. गरमी ओतायला त्याला मोठी जाळी लागते आणि पुढून भरपूर वारा. म्हणून जाळी नवी, पुढे एक जादा पंखा, आणि दाब फार चढला तर कॉम्प्रेसर बंद करणारा एक स्विच."

चाचा इंजिनात जन्म काढलेले, त्यांनी नेमकं विचारलं. "ओतलेली गरमी जाते कुठं?"

"जाळीतून मागं, इंजिनावरून, खाली. पुढच्या चाकाजवळ कोणी उभा असेल तर त्याच्या पायांवर."

"म्हणजे आत बसलेला गार आणि बाहेर उभा असेल तो भाजून निघाला?"

"तसंच."

"मग बोटीत काय वेगळं होतं?" चाचा म्हणाले आणि खो खो हसले.

मुंबईहून जाळी मागवली, ती बसवायला पत्र्याच्या दोन पट्ट्या ठोकून केल्या. सगळं झाल्यावर काचा वर करून चाचांना आत बसवलं. त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. बराच वेळ बाहेर येईनात. माझी बायको मंदा चहा घेऊन आली, तिनं काचेवर टकटक केली, तर चाचांनी काच फक्त कप जाईल एवढी खाली केली, कप घेतला आणि काच पुन्हा वर.

"हे आता इथंच राहणार का?" मंदानं मला विचारलं.

निघताना मी चाचांना बजावलं, "एकच लक्षात ठेवा. गाडीचं तोंड मोकळं पाहिजे. तोंडावर काही झाकायचं नाही."

"न्हाय झाकत," चाचा म्हणाले.

लग्नाचं बोलावणं आलं ते हुकमासकट. गॅसचं माप घेऊन ये. माप म्हणजे दाब दाखवणारी दोन घड्याळं आणि नळ्या. लग्नात ते हातात घेऊन कसं मिरवायचं, म्हणून मंदानं ते टॉवेलात गुंडाळून चकचकीत पिशवीत घातलं. मांडवाच्या दारात सनाची फुफी, म्हणजे चाचांची धाकटी बहीण, उभी होती. तिनं पिशवी माझ्या हातातून घेतली, वजन बघितलं आणि खूश होऊन म्हणाली, "जगूभाऊ, एवढं कशाला आणलं?" ती आहेरात ठेवायला निघाली. मला मागे धावावं लागलं.

निकाह झाला, जेवणं झाली. बिर्याणीबद्दल मी लिहीत नाही, मंदा हे वाचणार आहे. मे महिन्यातली दुपार. रुखसतीला, म्हणजे पाठवणीला, रडारड झाली, सनाला आणि नव्या जावयाला, इरफानला, बदामी गाडीत मागे बसवलं. पुढे चाचांचा पुतण्या अस्लम गाडी चालवायला. तिच्या पुढे मामूची नवी गाडी, मागे बाकीच्या गाड्या. चाचा एका भाच्याच्या मोटारसायकलवर मागे बसले, कारण लेकीला जेट्टीपर्यंत सोडायचं आणि तिथून मागे फिरायचं, असं त्यांचं ठरलं होतं. मला जागा मिळाली सगळ्यात शेवटच्या टेम्पोत, भांडी आणि सरबताच्या बाटल्यांच्या बर्फाच्या टबाबरोबर. मला काही वाईट वाटलं नाही. बर्फाशेजारी मी लहानपणापासून बसत आलोय.

वरात म्हटल्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालणार. आगरदांड्याच्या जेट्टीवर पोचलो तर फेरीबोट पलीकडे दिघीला होती, इकडे रांग लागलेली. टेम्पो थांबतो न थांबतो तोच अस्लम धावत आला.

"जगूकाका, एसी मारत न्हाय."

"कधीपासून?"

"मघापासून मधेच गार, मधेच गरम. आता नुसता गरम. सनाला चक्कर येईल असं फुफी बोलते."

चकचकीत पिशवी घेऊन मी पळालो. गाडीपाशी पोचलो तर काचा खाली. इरफान शेरवानीत घामानं निथळत होता आणि तोंडावर सोडलेल्या सेहऱ्याच्या झालरीनं तोंड पुसत होता. पुढून मामू येत होते, शांतपणे, हसत. वाईट माणूस नव्हता तो, पण जिंकणारा माणूस कसा चालतो ते लांबूनही कळतं.

"चाचा," मामू म्हणाले, "कशाला पोरांचे हाल? आपली गाडी चालू हाय, गार हाय. बसवा त्यांना. बोललं होतं ना आपलं?"

चाचा मोटारसायकलवरून उतरले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं कोणी माझ्याकडे बघू नये असं मला वाटलं. फेरीबोट पलीकडून सुटलेली दिसत होती.

बॉनेट उघडायला मी गाडीच्या पुढे गेलो आणि थांबलो. गाडीला पुढची बाजूच नव्हती. होती ती फुलं. झेंडू आणि गुलाब, दाट शिवलेली चादर, एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, बॉनेटच्या कडेपासून थेट खाली नंबरप्लेटपर्यंत. त्यातून वारा तर सोडाच, मुंगी आत गेली नसती. मांडवापाशी ती पाठमोरी उभी होती आणि मी मागच्या टेम्पोत, मला ही गाडी सबंध वाटेत मागूनच दिसत होती.

"चाचा, हे कोणी केलं?"

"मी सांगितलं सजवणाऱ्याला," चाचा म्हणाले. "मामूच्या गाडीपुढं कमी दिसता कामा नये. बोललो, पुढून लोखंड दिसू देऊ नको."

"आणि आपलं काय ठरलं होतं? तोंड मोकळं ठेवायचं ना?"

"ठेवलंय की." चाचांनी पुढच्या काचेवर हात ठेवला. "तोंडावर एक फूल लावू दिलं न्हाय मी. सजवणारा किती मागं लागला होता."

मी कपाळाला हात लावला. चाचांना गाडीचं तोंड म्हणजे काच. बरोबरच आहे, तिथून माणसं दिसतात. मला गाडीचं तोंड म्हणजे खालची जाळी, जिथून ती श्वास घेते. एकाच गाडीला दोन तोंडं, आणि तिचं भलतंच बंद केलेलं.

माप लावलं. दाबाचा काटा भलता वर. म्हणजे माझा स्विच चोख होता. गॅसला गरमी ओतायला जागा मिळेना, दाब चढला, त्यानं कॉम्प्रेसर बंद केला. होडीतलं पाणी उपसायचं, पण बाहेर ओतू द्यायचं नाही, तर डबड्यानं करायचं काय?

"फुलं काढावी लागतील," मी म्हटलं.

फुफी पुढे आली. "रुखसतीला निघालेल्या गाडीची फुलं उतरवायची? अस्तगफिरुल्ला. जगूभाऊ, असं कधी केलंय कोणी? पोरीच्या शगुनाची फुलं हायत ती."

दोन-तीन बायका तिच्या बाजूनं झाल्या. अपशकुन हा शब्द कोणी बोललं नाही, पण तो सगळ्यांच्या तोंडावर होता. मघाशी ज्या चाचांना फुलं जास्त हवी होती त्यांनाच आता ती हात लावायला जड झाली. मामू म्हणाले, "राहू द्या फुलं. सुंदर दिसतात. पोरं आमच्या गाडीत बसतील, ही मागून रिकामी येईल, झालं." बोलले ते भल्यासाठीच, पण 'रिकामी' म्हणाले आणि चाचांनी मान खाली घातली.

तेवढ्यात मागच्या खिडकीतून सनाचा आवाज आला. इतका वेळ ओढणीआड गप्प बसलेली नवरी.

"फुफी, ती फुलं कोणासाठी हायत?"

"तुझ्यासाठीच, बेटा."

"मग माझं सामान हाय ते. अब्बा, काढा. आणि जगूकाका, लवकर करा, हा बिचारा शिजला." हा म्हणजे नवरदेव. इरफाननं सेहऱ्याआडून मान डोलावली.

मग फुफीच पुढे झाली. "तोडू नका. गाठी मी सोडते." तिनं एकेक गाठ सोडली, चाचांनी खालून चादर धरली आणि ती सबंध, एक पाकळी न सांडता, त्यांच्या दोन्ही हातांवर आली. जाळी मोकळी झाली. पण तापलेली इतकी होती की नुसत्या पंख्यानं दाब उतरायला वेळ लागला असता, आणि फेरीबोट अर्ध्या खाडीत होती. एक कोळी मासळीच्या पेटीतलं बर्फाचं पाणी घ्या म्हणून ओरडला. फुफी किंचाळली, "मासळीचं? पोरीच्या गाडीवर?" मग मला माझा टेम्पोतला शेजारी आठवला. सरबताचा टब. बाटल्या बाहेर काढल्या, तांब्यानं ते गार पाणी मी जाळीवर हळूहळू ओतायला लागलो. वाफ झाली. फुफीला काय वाटलं कोण जाणे, तिनं हातातल्या गुलाबदाणीतून त्यावर गुलाबपाणी शिंपडलं. त्याचा काही उपयोग नव्हता. मी नको म्हटलं नाही.

काटा उतरायला लागला. उतरला, अजून उतरला. आणि टक् असा आवाज झाला. कॉम्प्रेसर लागला. आमच्या धंद्यात याच्याहून गोड आवाज नाही.

"काचा वर घ्या," मी ओरडलो.

अस्लमनं काचा घेतल्या. थोड्या वेळानं मामूंनी पुढचं दार उघडून आत हात घातला, हवा येते तिथे धरला. धरला तो धरलाच.

"मामू, गार हाय ना?" आतून सनानं विचारलं.

"गार हाय," मामू म्हणाले. "च्यायला, आमच्यापेक्षा गार हाय." मग चाचांकडे वळून, जरा ओशाळून, "चाचा, पुढं ड्रायव्हरशेजारची जागा मोकळी दिसते. मी बसू का?"

सगळी जेट्टी हसली. चाचाही हसले, पण त्यांचे हात फुलांनी भरलेले होते, डोळे पुसता येईनात. मामू बसले. दार लागलं.

फेरीबोट धक्क्याला लागत होती. उतरणाऱ्या गाड्यांना वाट द्यायला बदामी गाडी जागेवरच, इंजिन चालू, काचा बंद. आत सना इरफानला काहीतरी सांगत होती आणि दोघं हसत होती. काचेमुळे ऐकू येत नव्हतं. चाचा पुढच्या चाकापाशी उभे होते, लेकीची फुलं हातांवर घेऊन. बॉनेटखालून आगीसारखा झोत त्यांच्या पायांवर येत होता. लुंगीचा काठ हलत होता त्यानं. मे महिन्याचं ऊन वरून, हे खालून.

मी त्यांचा दंड धरला. "चाचा, बाजूला सरका. भाजेल. सगळी गरमी तुमच्या अंगावर येतेय."

चाचा हलले नाहीत.

"येऊ दे रे," ते म्हणाले. "माझ्या पोरीचीच हाय."